गडावरचं टाकं उपसण्याआधी

गड पाहून आलेला जवळजवळ प्रत्येक गट एकदा तरी म्हणतो, "पुढच्या उन्हाळ्यात येऊन ते कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं साफ करू." जरूर करा. पण ठरवाल त्या दिवसापासून परवानगीच्या कागदाच्या मागे लागा, कारण त्याला मोहिमेपेक्षा जास्त वेळ लागतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमची एक मोहीम अर्ध्यात थांबवावी लागली. वनखात्याचं पत्र हातात होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गड राज्य संरक्षित स्मारक आहे, हे कुणी तपासलंच नव्हतं. काढलेला गाळ टाक्याच्या काठावर राहिला आणि पहिल्याच पावसात परत आत गेला. वीस जणांचे दोन दिवसांचे कष्ट वाया गेले. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट. गडाची जमीन एका खात्याची आणि वास्तू दुसऱ्या खात्याची असू शकते. जमीन कुणाची, ते गावच्या तलाठ्याकडून गट नंबर घेऊन सातबाऱ्यावर बघा; पुष्कळदा तिथे वनखातं निघतं. वास्तूचं वेगळं विचारा. ती केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. अंदाजाने ठरवू नका. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या गडांतलेच बघा: रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राकडे, राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याकडे. गड असंरक्षित असला तरी जमिनीच्या मालकाची परवानगी लागतेच.

गड अभयारण्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. हरिश्चंद्रगड, रतनगड, वासोटा ही तशी ठिकाणं. तिथे अर्ज वनखात्याच्या प्रादेशिक विभागाकडे न जाता वन्यजीव विभागाकडे जातो. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनाभर तसाच पडून राहतो, म्हणून आधी बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या भागाच्या, वनरक्षकाला भेटा. कुठल्या टाक्याचं पाणी गाव पितं आणि कुठल्या खोबणीत आग्या मोहोळ आहे, हे त्याला माहीत असतं.

अर्जात "संवर्धन" हा शब्द मोघम वापरू नका. नेमकं कुठलं टाकं, किती माणसं, कुठल्या तारखा, कुठली अवजारं आणि गाळ कुठे टाकणार, हे लिहा. टाक्याचे चारही बाजूंचे फोटो जोडा. खोदकाम करणार नाही, सिमेंट वापरणार नाही, हे स्वतंत्र वाक्यात असू द्या. प्रत ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला द्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पुढचा प्रत्येक फोन त्या क्रमांकावरच चालतो.

आता काम. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला जातं, तेव्हा उपसणं सोपं. गावाचं पिण्याचं टाकं असेल तर दिवस गावाला विचारूनच ठरवा. वर चूल पेटवू नका, त्या दिवसांत वणवा लागायला एक ठिणगी पुरते. बेडूक-खेकडे आधी बादलीत काढून शेजारच्या टाक्यात सोडा. टिकाव वापरू नका. फावडं आणि घमेली पुरतात. कातळाजवळ पोचलात की फावडंही ठेवा आणि खराटा घ्या. भिंतीवर छिन्नीचे तिरपे घाव ओळीने दिसायला लागतात, काठावर खांब रोवायचे गोल खळगे उघडे पडतात. हे सगळं पुसून न टाकणं हेच खरं काम आहे.

गाळ चाळणीतून काढा. एकदा चाळणीत करवंदाएवढा जड गोळा राहिला. मला तो खडा वाटला, पण धुतल्यावर शिशाची गोळी निघाली. असं काही मिळालं की जागेवरच फोटो, बाजूला मोजपट्टी, वहीत नोंद, आणि वस्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आठवण म्हणून खिशात काही घालायचं नाही, साधी खापरीसुद्धा नाही.

गाळ तटावरून खाली ढकलू नका, वाड्याच्या जोत्यावरही नको. अर्जात लिहिलेल्या जागीच टाका. तटात उगवलेला पिंपळ उपटायचा मोह आवरा. मुळांबरोबर चिरे निघून येतात. त्याची जागा फोटोसह खात्याला कळवा, तो कसा काढायचा ते त्यांना ठरवू द्या.

परत आल्यावर आठवड्याभरात दोन पानी अहवाल द्या: आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच कोनातून, सापडलेल्या वस्तूंची यादी, हजर माणसांची नावं. तो तोच आवक क्रमांक घालून त्याच कार्यालयात द्या आणि त्याचीही पोच घ्या. पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज करताना ती पहिल्या पानाला जोडायची आहे.