लोकल कमिशनसाठी स्टाफ आणि वकील नेमायचाय? मग हे क्रमाने करा

शहर किंवा जिल्हा पातळीवर कमिशन बसतं, सदस्यांची नावं जाहीर होतात, पहिली मीटिंग लागते आणि मग कळतं की इतिवृत्त लिहायला कुणी नाही, अर्ज घ्यायला कुणी नाही आणि कायद्याचं काही विचारावं तर ज्या ऑफिसच्या कारभारावर आपल्याला निर्णय द्यायचाय त्याच ऑफिसचा वकील सल्ला द्यायला बसलाय. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, माणूस किती हुशार हे नंतर बघा, आधी तो कुणाला बांधील आहे ते बघा.

पहिलं काम, कमिशन ज्या कायद्याने किंवा ठरावाने बनलंय तो कागद नीट वाचा. नेमणुकीचा अधिकार कमिशनला आहे की वरच्या ऑफिसला, हे तिथेच असतं. कॅलिफोर्नियात लोकल एजन्सी फॉर्मेशन कमिशन असतात, १९६३ पासून, शहरांच्या हद्दी वाढवायच्या का, नवं शहर होऊ द्यायचं का असले विषय त्यांच्याकडे येतात, आणि त्यांच्या कायद्यात सरळ लिहिलंय की एक्झिक्युटिव्ह ऑफिसर आणि वकील कमिशननेच नेमायचा आणि एखाद्या विषयात त्यांचे हितसंबंध गुंतले तर त्या विषयापुरता दुसरा माणूस नेमायचा. बाकी माणसं आणि जागा दुसऱ्या सरकारी संस्थेकडून किंवा खासगीतून करारावर घ्यायचीही मुभा आहे. तुमच्या कागदात यातलं काहीच नसेल तर जाहिरात काढण्याआधी तसा ठराव किंवा परवानगी घेऊन ठेवा, नाहीतर पुढे कुणीतरी नेमणुकीलाच चॅलेंज करतं.

दुसरं, पैसे. त्याच कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बजेटचा मसुदा १ मेपर्यंत आणि फायनल बजेट १५ जूनपर्यंत मंजूर करायचं असतं, म्हणजे माणसं हवी असतील तर विचार त्याच्या कितीतरी आधी सुरू करावा लागतो. वकिलाच्या रोजच्या सल्ल्याचा खर्च आणि कोर्टकेसचा खर्च एकाच हेडखाली टाकू नका, एक केस लागली की सगळं वर्षाचं बजेट त्यात जातं आणि मग क्लार्कचा पगार कुठून द्यायचा यावर मीटिंग घ्यावी लागते.

आता स्टाफ. पद ठरवायच्या आधी महिनाभरात कामं कुठली येणार याची यादी करा. अजेंडा काढणं, नोटीस लावणं, इतिवृत्त, रेकॉर्ड, लोकांचे फोन, अहवाल. बऱ्याच छोट्या कमिशनचं काम एक चांगला पार्ट-टाइम क्लार्क आणि गरजेपुरता एक अभ्यास करून अहवाल लिहिणारा माणूस एवढ्यावर भागतं, साहेब लोकांची उतरंड लागत नाही. माणूस स्वतः नेमा, करारावर घ्या नाहीतर दुसऱ्या ऑफिसकडून उसना घ्या. उसना सगळ्यात स्वस्त, पण त्याची रजा कोण मंजूर करतं, सीआर म्हणजे कामाचा गोपनीय अहवाल कोण लिहितं, बढती कुणाच्या हातात आहे हे विचारा, कारण सगळं जुन्याच ऑफिसकडे असेल आणि त्याच ऑफिसवरचा अहवाल त्याने लिहायचा असेल तर तो बिचारा तरी काय लिहिणार! निदान कमिशनच्या कामात तो फक्त कमिशनचं ऐकेल हे लेखी घ्या. इंटरव्ह्यूत गोड गप्पांपेक्षा एखाद्या मीटिंगचं थोडं रेकॉर्डिंग ऐकवून तिथल्या तिथे इतिवृत्त लिहायला द्या, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, मतं किती हे नीट उतरलं की माणूस कळतो.

वकिलाच्या बाबतीत मात्र घाई नको. त्याचा अशील म्हणजे अख्खं कमिशन, अध्यक्ष नव्हे, हे करारात पहिल्याच ओळीत यायला हवं, कारण अध्यक्ष परस्पर फोन करून आपल्याला हवा तसा सल्ला काढतात हे सर्रास होतं. फोन कोण करू शकतं तेही ठरवा. गेल्या काही वर्षांतल्या अशिलांची यादी मागा, त्यात बिल्डर, ठेकेदार, कमिशनसमोर येणारी ऑफिसं किती आहेत बघा. आणि तुमचं कमिशन तक्रारींवर निकाल देणार असेल तर केस मांडणारा वकील वेगळा आणि कमिशनला सल्ला देणारा वेगळा ठेवा, एकच ठेवला तर निकाल अपिलात लटकू शकतो.

फी तासावर, महिन्याची ठरलेली किंवा कामागणिक असते. तासावर असेल तर बिल बऱ्याचदा सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने लागतं, म्हणजे दोन मिनिटांच्या फोनचेही सहा धरले जातात. ज्युनियरचा दर, प्रवासाचा वेळ, आणि परवानगीशिवाय ओलांडायची नाही अशी वरची मर्यादा, तिन्ही आधीच लिहून घ्या. मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारा, बहुमताला हवंय ते कायद्यात बसत नसेल तर तुम्ही काय कराल? जो लगेच "काहीतरी मार्ग काढू" म्हणतो त्याला चहा पाजून पाठवा.

निवडीचे निकष आणि मार्क अर्ज उघडायच्या आधी ठरवा, नेमणुकीचा ठराव मतदानाने करून इतिवृत्तात घ्या. बंद दाराआड चर्चा कायदा देतो तेवढीच. कॅलिफोर्नियात नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, तुमच्याकडे असा काही नियम असेल तर तो पाळूनच नेमणुकीचा विषय घ्या.

शेवटी करारात मुदत, किती दिवसांच्या नोटिशीवर संपवता येईल, आणि काम सुटल्यावर सगळ्या फायली, ईमेल, पासवर्ड कमिशनकडे परत येतील ही कलमं घाला. पासवर्डचं तर कुणालाच आठवत नाही.