‘सुफ्रागिउम’चा अर्थ लावताना या चुका टाळा

लॅटिनमध्ये मतदानासाठीचा मुख्य शब्द सुफ्रागिउम, अनेकवचन सुफ्रागिया. कोशात त्यापुढे ‘मत, मताधिकार’ एवढं दिसलं की बरेच जण तिथेच थांबतात. हा शब्द हजार वर्षांहून जास्त काळ वापरात होता आणि या काळात त्याचा अर्थ पार बदलत गेला. म्हणून उतारा कोणत्या शतकातला आहे हे आधी बघा.

सर्वांत जास्त आढळणारी चूक वोटुम या शब्दाची. इंग्रजीतला ‘व्होट’ त्यावरून आला, म्हणून वोटुम म्हणजे मत असं धरलं जातं. वोटुम म्हणजे नवस. रोमन वेदींवर नवस फेडल्याचे लेख चार आद्याक्षरांत कोरलेले सापडतात, त्यांचा निवडणुकीशी संबंध नाही. मराठीत आणखी एक अडचण येते. आपण सभेत मत मांडतो आणि पेटीत मतही टाकतो. लॅटिनमध्ये सिनेटरने मांडलेलं मत म्हणजे सेंटेंटिया, तर नागरिकाने सभेत दिलेलं मत सुफ्रागिउम. भाषांतरात ‘मत मांडले’ आणि ‘मत दिले’ हा फरक कसोशीने पाळावा.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक सुफ्रागिउममागे गुप्त मतदान कल्पिणं. इसवी सनपूर्व 139 पर्यंत रोममधल्या निवडणुकीत मत तोंडी, सर्वांसमक्ष सांगावं लागे. त्या वर्षीच्या गाबिनियन कायद्याने निवडणुकीसाठी लहान पाट्या आणल्या. 137 मध्ये खटल्यांसाठी (राजद्रोहाचे वगळून) आणि 131 मध्ये कायदे मंजूर करण्यासाठीही त्या आल्या. प्रस्तावावर मत देताना पाटीवर व्ही हे अक्षर म्हणजे ‘तुम्ही मागता तसं होवो’ आणि ए म्हणजे ‘जुनंच राहू दे’. न्यायालयात मात्र तेच ए ‘निर्दोष’ ठरवायचं आणि सी ‘दोषी’. म्हणजे ए दिसलं की आधी सभा कसली होती हे शोधायला हवं. इसवी सनपूर्व 60 च्या आसपासच्या एका कासियस घराण्याच्या चांदीच्या नाण्यावर टोगा (रोमन नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) घातलेला माणूस व्ही लिहिलेली पाटी पेटीत टाकताना दिसतो. चित्र एवढं स्पष्ट आहे की शब्दाचा हा अर्थ शिकवताना मी ते आधी दाखवायला सांगेन.

माणशी एक मत, सगळ्यांची बेरीज, हेही गृहीत धरू नका. सेंतुरिया म्हणजे मालमत्तेनुसार पाडलेले नागरिकांचे गट. सेंतुरियांच्या सभेत असे 193 गट होते. व्यक्तीचं मत गटात मोजलं जाई आणि निर्णय गटांच्या बहुमताने होई. श्रीमंतांच्या वाट्याला गट जास्त, म्हणून गरिबाचं मत कायद्याने होतं पण अनेकदा त्याची पाळी येण्याआधीच निकाल लागे.

‘सीने सुफ्रागियो’ म्हणजे ‘मताविना’; हे शब्द नागरिकत्वाच्या एका प्रकारासाठी येतात. हे नागरिकत्व मिळालेली गावं सैन्यात माणसं द्यायची, पण रोमच्या सभांत मत द्यायची नाहीत. वक्ता सिसेरो आणि सेनापती मारियस ज्या आर्पिनम गावचे, त्याला हे इसवी सनपूर्व 303 मध्ये मिळालं आणि मताधिकार इसवी सनपूर्व 188 मध्ये. इथे ‘गुलामगिरी’ किंवा ‘परकेपण’ लिहिलं तर अर्थाचा विपर्यास होतो.

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात तर शब्द वशिल्यावर येतो. मोठ्या माणसाची शिफारस, आणि पुढे शिफारशीसाठी मोजलेले पैसे, यांनाही सुफ्रागिउमच म्हणत. सम्राट जस्टिनियनने इसवी सन 535 मध्ये पदांसाठीचे असे पैसे बंद करण्याचा कायदा केला. तो वाचताना ‘मतदानावर बंदी’ असं समजू नका.

व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. मत देण्यासाठी फुटक्या खापऱ्या वापरत, त्यावरून हा शब्द आला ही गोष्ट खात्रीने सांगू नये, तिच्यात खापऱ्यांवर मत देण्याची अथेन्सची पद्धत मिसळलेली वाटते. इंग्रजीतल्या ‘सफर’शीही (suffer, म्हणजे सोसणे) सुफ्रागिउमचं नातं नाही.

ख्रिस्ती ग्रंथांत सुफ्रागिया म्हणजे मृतांसाठी किंवा संतांच्या मध्यस्थीसाठी केलेल्या प्रार्थना. आर्चबिशपच्या प्रांतातल्या बिशपला सफ्रगन म्हणतात तेही याच शब्दावरून. वसई, पुणे आणि नाशिक हे धर्मप्रांत मुंबईचे सफ्रगन, तर सिंधुदुर्ग गोव्याचा.