नवख्या खेळाडूला पहिला क्लास देताना या चुका टाळा

"नवीन आहेस ना? मग फायटर घे."

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ. पात्राचा क्लास म्हणजे त्याचा पेशा, आणि फायटर म्हणजे लढवय्या. डीएम (खेळ चालवणारा) म्हणून हे वाक्य मी किती जणांच्या अंगावर टाकलंय त्याची गणती नाही. एका मैत्रिणीनं माझे डोळे उघडले. तिचं दुसरं सेशन होतं. टर्न आली, तिनं डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकला. "सतरा. लागला का?" लागला. डॅमेज (मार किती बसला ते) सांगितलं आणि खुर्चीत रेलून फोन उचलला. खेळ संपल्यावर म्हणाली, "नियम कळले रे सगळे. पण तुमचे एकेक उद्योग चाललेत आणि मी आपली लाकडं फोडल्यासारखी तलवार मारतेय."

सोपा क्लास शोधताना आपण नियम मोजत बसतो. खरं बघायचं ते वेगळंच: टर्न आल्यावर त्या माणसाला काय करायचं ते सुचतंय का, आणि ते करावंसं वाटतंय का? १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हा फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) असे तीनच क्लास होते, त्यामुळे घोळ घालायला फारशी जागा नव्हती. आज मूळ नियमांतच बारा आहेत.

चूक पहिली: माणूस न बघता क्लास देणं

क्लासची नावं पुढे ठेवण्याआधी एक प्रश्न विचारा: "राजवाड्याच्या दारात दोन पहारेकरी उभे आहेत. तू काय करशील?" "दोघांना आडवं करीन" म्हणणाऱ्याला फायटर किंवा बार्बेरियन (चवताळून लढणारा) द्या, तो खूश होईल. माझी मैत्रीण म्हणाली असती, "मी धोबीण बनून मागच्या दारानं आत जाईन." तिला रोग, म्हणजे चोरपावलांचा भामटा, द्यायला हवा होता. (देवनागरीत हा शब्द आजारासारखा दिसतो, त्याला इलाज नाही.)

रोग अवघड असतो असा एक समज आहे आणि तो स्नीक अटॅक या नावामुळे पसरलाय. नवा खेळाडू समजतो, आधी लपायला हवं, मग मागून वार. मग तो प्रत्येक टर्नला लपायला जागा शोधतो आणि टेबल ताटकळतं. प्रत्यक्षात लपायची सक्ती नाही. फिनेस प्रकारचं (चपळाईनं चालवायचं) किंवा लांबून मारायचं हत्यार हवं, आणि वाराला अ‍ॅडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा धरायचा) हवा. अ‍ॅडव्हांटेज नसेल तर आपला एखादा धडधाकट साथीदार शत्रूपासून ५ फुटांच्या आत असला तरी पुरतं, फक्त वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज (दोनांतला लहान आकडा) नको. एका टर्नला एकदाच, पहिल्या लेव्हलला (पात्र अनुभवानं लेव्हल चढतं) १डी६, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा, डॅमेजमध्ये जास्तीचा. शीटवर (पात्राची माहिती लिहिलेला कागद) मी एवढंच लिहून देतो: "आपला कुणी त्याच्याजवळ आहे? मग आणखी एक फासा." एवढ्यावर माणूस अख्खं सेशन खेळतो.

चूक दुसरी: विझार्डला (जादूगाराला) सरळ नाही म्हणणं, किंवा सरळ हो म्हणणं

खरं घोडं इथेच पेंड खातं. नव्या माणसाला जादू हवी असते. त्यात गैर काय? पण पहिल्या लेव्हलच्या विझार्डचं ताट कसं वाढलेलं असतं बघा: ३ कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र), पुस्तकात ६ स्पेल (मोठे मंत्र), त्यातले साधारण ४ आज तयार ठेवायचे, आणि ते टाकायला स्लॉट, म्हणजे खेपा, फक्त २. "चार स्पेल आहेत तर दोनच कसे टाकता येतात?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नव्या विझार्डनं विचारलाय. त्यात काही स्पेलना कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं, असा स्पेल एका वेळी एकच चालतो, आणि मार बसला की तो टिकवायला फासा टाकावा लागतो.

शिवाय जीव केवढा? विझार्डचे पहिल्या लेव्हलचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (काटकपणाची भर), म्हणजे बहुतेकदा ७ किंवा ८. साध्या गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) बाण १डी६ अधिक २ लागतो. फाशावर सहा पडला की ८ गेले आणि विझार्ड आडवा, पहिल्याच चकमकीत. तोच बाण १५ हिट पॉइंटच्या, रेज (चवताळलेपण) चालू असलेल्या बार्बेरियनला लागला तर मार निम्मा होऊन ४ वर येतो. नवशिक्याकडून चुका होणारच. त्या पोटात घालणारा क्लास हवा.

मग जादू मागणाऱ्याला काय द्यायचं? माझं मत वॉरलॉक, म्हणजे कुणा अमानवी शक्तीशी करार करून जादू मिळवलेला. स्पेल मोजके, स्लॉट त्याहून मोजके, पण शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की परत मिळतात. त्यामुळे "हा आत्ता वापरू की उद्यासाठी ठेवू" ही कुतरओढ कमी होते. बाकी वेळी एल्ड्रिच ब्लास्ट (त्याचं हुकमी कॅन्ट्रिप), १डी१०, लांबून. इन्व्होकेशन (वॉरलॉकच्या खास शक्ती) निवडताना मात्र कुणी जाणत्यानं शेजारी बसावं.

आणि कुणी विझार्डवरच अडून बसलं तर देऊन टाका. सहाच्या सहा स्पेलचे वेगवेगळे कागद करा. "कधी टाकायचा, कुठला फासा, काय होतं" एवढ्या तीनच ओळी. हौस असलेला माणूस घरी अभ्यास करून येतो, आणि नको असलेल्या फायटरपेक्षा तो हवाहवासा विझार्ड बरा खेळतो.

चूक तिसरी: "आमच्याकडे हीलर नाही, तू क्लेरिक हो"

जुन्या मंडळींनी आपापले आवडते क्लास पटकावले आणि उरलेली जागा नव्याच्या गळ्यात मारली, हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. क्लेरिकला आपल्या लेव्हलच्या अख्ख्या यादीतून रोज स्पेल निवडता येतात. जाणत्याला ही चैन आहे, नव्याला परीक्षेचा पेपर. शिवाय कोण किती जखमी आहे हे त्यानं बघायचं, आणि कुणी मेलं तर बोल त्यालाच. हीलरवाचून खेळ अडत नाही. शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाइस (हिट पॉइंट परत मिळवायचे फासे) वापरून प्रत्येकाला सावरता येतं, फायटरकडे स्वतःचा सेकंड विंड (स्वतःचेच हिट पॉइंट भरून घ्यायची सोय) असतो, आणि हीलिंग पोशनच्या चार बाटल्या वाटेत ठेवायला डीएमचं काय जातं? कुणाला मनापासून क्लेरिक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

ड्रुइडबद्दल (निसर्गाची जादू करणारा) थोडक्यात: स्पेलची तीच लांबलचक यादी, वर दुसऱ्या लेव्हलपासून प्राण्यांची रूपं, आणि प्रत्येक प्राण्याचे आकडे निराळे. पहिल्यांदा नको.

चूक चौथी: जुना सल्ला, नवे नियम

"चॅम्पियन फायटर म्हणजे सगळ्यात सोपा" (चॅम्पियन ही फायटरची एक उपजात) हे २०१४ च्या नियमांत बरोबर होतं. तिसऱ्या लेव्हलला १९ किंवा २० पडला की क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट), बाकी लक्षात ठेवायचं फारसं काही नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत फायटरला पहिल्याच लेव्हलला तीन हत्यारांची वेपन मास्टरी मिळते. कुठलं शत्रूला ढकलतं, कुठलं पाडतं. फायटर त्यामुळे जास्त रंगतदार झालाय, पण "फक्त मार आणि बस" असा राहिलेला नाही. टेबलावर कुठले नियम चालू आहेत ते विचारूनच सल्ला द्या.

चूक पाचवी: चालू मोहिमेत थेट पाचव्या लेव्हलला बसवणं

विझार्डचे स्लॉट तोवर २ चे ९ झालेले असतात, आणि इतर क्लासही तसेच फुगलेले. बाकीचे ते एकेक करत शिकले, नव्याच्या पुढ्यात सगळं एकदम. इलाज नसेल तर निदान पहिल्या लेव्हलचं एखादं छोटं साहस आधी खेळून घ्या. दोन क्लासची खिचडी करून दिलेलं "जबरदस्त" कॅरेक्टर तर नकोच. ते बनवणाऱ्यालाच चालवता येतं.

बिघाड कुठे आहे ते ओळखायचं कसं?

खेळाडू दर वेळी "कुठला फासा?" विचारतो: क्लास बदलू नका, फाशाचं चित्र शीटवर काढून द्या. टर्न आल्यावर शीट वर-खाली करतो, घाम फुटतो: पर्याय जास्त झालेत, दोन-तीन गोष्टींभोवती गोल करा आणि बाकीच्या सध्या झाकून ठेवा. "मागच्यासारखंच" म्हणून फासा टाकतो: कंटाळलाय. फायटर असेल तर तिसऱ्या लेव्हलला बॅटल मास्टर ही उपजात सुचवा, तिथं ४ सुपीरियॉरिटी डाइस (डावपेचांसाठीचे जास्तीचे फासे) आणि डावपेच हाताशी येतात. लढाईत गप्प पण गप्पांच्या प्रसंगात खुललेला असेल, तर क्लास चुकलाय.

चुकला तर बदलून टाका. पहिली तीन सेशन्स क्लास बदलायची मोकळीक आहे, हे मी आता सुरुवातीलाच सांगतो. कॅरेक्टर तेच, नाव तेच, फक्त शीट नवं. कथेत कारण शोधायचीही गरज नाही. मैत्रिणीचा फायटर तिसऱ्या सेशनला रोग झाला. पहिल्याच टर्नला तिनं नकाशाकडे बघत विचारलं, "थांब, त्या सरदाराच्या कमरेला किल्ल्या आहेत का?" नव्हत्या. मी म्हटलं, आहेत.