गुण भरपूर, पण तोंडाला कुलूप: परदेशात शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीतल्या चुका

चिनी भाषेत एक शब्दप्रयोग आहे, ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकं इंग्रजी. गाओकाओ या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात, पण ते बहुतांशी वाचून-लिहून मिळवायचे. म्हणून मँचेस्टरला किंवा मेलबर्नला उतरलेल्या मुलाला शब्द हजारोंनी येतात, आणि कँटीनमध्ये कुणी घाईत काही विचारलं की तो गप्प होतो.

यावर त्याचा पहिला उपाय पाठांतर, आणि तीच चूक. ‘हाऊ आर यू’ला शाळेत घोकलेलं ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ निघेस्तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. परदेशी प्रवेशासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या तोंडी परीक्षेत दोन मिनिटं बोलण्याआधी तयारीला एक मिनिट मिळतं. सेमिनारमध्ये तेही नाही. तिथे अर्धवट वाक्य चालतं. ते बोलून टाका.

सगळ्यात महागात पडते ती ‘यस’ची चूक. प्राध्यापक विचारतात, ‘डिडन्ट यू गेट माय मेल?’ मेल आलेली नसते आणि विद्यार्थी म्हणतो, ‘यस’. त्याच्या मनात असतं, ‘बरोबर, नाही आली’. प्राध्यापक समजतात, आली. (हसू नका, आपणही ‘हो, नाही आली’ म्हणतोच.) प्रश्न कसा विचारलाय हे पाहूच नका. मेल आली असेल तर यस, नसेल तर नो, आणि लगेच पुढचं वाक्य पूर्ण करा: ‘नो, आय डिडन्ट’.

‘ही’ आणि ‘शी’चा घोळ चांगलं इंग्रजी येणाऱ्यांचाही होतो. चिनीत लिहिताना दोन्हींची अक्षरं वेगळी, पण बोलताना दोघंही ‘ता’च. सुरुवातीला सर्वनामाऐवजी सरळ नाव घ्या.

उच्चाराचं दुखणं शब्दाच्या शेवटी असतं. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षराच्या शेवटी ‘न’, ‘ङ’ आणि क्वचित ‘र’ सोडून व्यंजन येत नाही. क्रियापदाला काळाचं रूपही नसतं. त्यामुळे ‘वर्क्ड’मधला ‘ट’ हमखास गळतो आणि कालचं काम आजचं होतं. तो पुढच्या शब्दाला चिकटवून म्हणा: ‘वर्क्ड ऑन’चं ‘वर्क-टॉन’.

मोठे आकडे बोलताना चिनी मूल दहा हजारांच्या ‘वान’मध्ये मोजतं, आपण लाखात, मिलियन दोघांनाही अडतो. कागदावर स्वल्पविराम देऊन लिहा, मग वाचा.

राहता राहिली खोली. ‘चिनी मुलांबरोबर राहू नका’ हा सल्ला मला पटत नाही. आजारपणात भाताची पेज तेच करून देतात. आठवड्यातून एक ठरलेलं काम मात्र इंग्रजीत करा, बॅडमिंटन असो की स्वयंपाक. १८७२ पासून चीनने १२० मुलगे अमेरिकेत पाठवले आणि तिथल्या न्यू इंग्लंड भागातल्या कुटुंबांत ठेवले. त्यांचं इंग्रजी सुधारलं, ते बेसबॉलही खेळू लागले. मुलं फारच अमेरिकन होताहेत या धास्तीपायी १८८१ मध्ये सरकारने त्यांना परत बोलावलं.