पावसाळ्यात थीम पार्क: दिवस कसा निवडायचा आणि राइड कोणत्या क्रमाने घ्यायच्या

जुलै-ऑगस्टमध्ये मुलं थीम पार्कचा हट्ट धरतात आणि घरातलं एक मत हमखास पडतं, 'पावसात पैसे वाया जातील.' हे अर्धंच खरं आहे. नुसत्या सरीने फारसं बिघडत नाही. दिवस बिघडतो तो विजांनी, वाऱ्याने आणि परतीच्या रस्त्याने. या तिन्हींचा अंदाज आदल्या रात्री बऱ्यापैकी घेता येतो. तो घेतला, तर पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या वारी गेलेल्यांना मे महिन्यातल्या गर्दीपेक्षा जास्त राइड मिळतात, उन्हाने डोकंही तापत नाही.

मुंबईकरांसाठी पर्याय मुख्यतः दोन. खोपोली-पाली रस्त्यावरची इमॅजिका आणि गोराईचं वॉटर किंगडम. गोराईचं जुनं एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, त्यामुळे लहानपणीच्या आठवणीवर विसंबून तिकडे निघू नका. पुढचं बरंचसं इमॅजिकासारख्या, म्हणजे छताखालच्या आणि उघड्यावरच्या राइड मिसळलेल्या पार्कबद्दल आहे.

कोणता पाऊस चालतो

पावसाळा सगळा सारखा नसतो. जूनच्या सुरुवातीचा मृगाचा पाऊस आणि सप्टेंबरअखेरपासूनचा हस्ताचा पाऊस गडगडाट घेऊन येतो, तोही बहुतेकदा दुपारनंतर. उघड्यावरच्या उंच राइड विजांमुळे बंद होतात त्या याच दिवसांत. जुलैमध्ये विजा कमी असतात, पण पाऊस थांबायचं नाव घेत नाही. श्रावणात सर येते, अर्धा तास झोडपते, ऊन पडतं, पुन्हा भरून येतं. पार्कसाठी हाच पाऊस उत्तम. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपतीच्या आधीपर्यंतचा एखादा मंगळवार किंवा बुधवार धरा. १५ ऑगस्ट आणि त्याला जोडून आलेले शनिवार-रविवार मात्र टाळा.

हवामान बघताना बहुतेकांची एक चूक होते. ते मुंबईचा अंदाज बघतात. इमॅजिका रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. ढग डोंगराला अडतात आणि तिथे मुंबईपेक्षा जास्त कोसळतात. दादरला कोरडं असताना खोपोलीत धो-धो असणं ही तिथली रीत आहे. म्हणून हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रायगड जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर तयारीने जा. नारिंगी, म्हणजे सहसा 'अतिमुसळधार' पावसाचा असेल तर तारीख बदला. विभागाच्या भाषेत 'अतिमुसळधार' म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी, आणि एवढ्या पावसात छताखालच्या राइडही पार्कच्या या टोकाकडून त्या टोकाला जाताना नकोशा होतात. लाल इशाऱ्याला शाळांना सुट्टी मिळते आणि 'आयती सुट्टी आहे, जाऊन येऊ' असं डोक्यात येतं. नका जाऊ. २०२३ च्या जुलैत दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी इमॅजिकाच्याच खालापूर तालुक्यातली.

अंदाज दोनदा बघायचा: आदल्या रात्री दहाच्या सुमारास आणि सकाळी निघण्याआधी. विजांसाठी 'दामिनी' ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा. जवळपास कुठे वीज पडते आहे ते त्यात दिसतं.

तिकीट

पावसाने राइड बंद राहिली तर पैसे परत, असं सहसा कुठल्याच पार्कात नसतं. तारीख बदलून मिळते का आणि किती तास आधी कळवावं लागतं, ही एक ओळ अटींमध्ये शोधून वाचा. बाकी अटी नंतर वाचल्या तरी चालतील. मधल्या वारी जाणार असाल तर तिकीट दोन आठवडे आधी काढून अडकून पडण्यात अर्थ नाही, आदल्या संध्याकाळी अंदाज बघून काढा. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घ्या आणि एक छापील प्रत झिपच्या पिशवीत ठेवा. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही आणि फाटकावर मागची रांग कुरकुर करते.

मुलांची उंची घरीच बुटांशिवाय मोजून घ्या. राइडच्या दारात पट्टी लावून मोजतात. तिथे दोन सेंटिमीटरने हुकलेल्या पोराची समजूत पावसात उभं राहून काढायला जड जातं.

अंगावर काय, पिशवीत काय

जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही, जड होते आणि मांड्या घासून लाल होतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरची अर्धी चड्डी किंवा ट्रॅकपँट, वर पातळ टी-शर्ट. मांड्यांना आणि काखेत सकाळीच थोडं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. अंग घासून चालणं अवघड झालं की दुपारनंतर सगळेच चिडचिडे होतात आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल. साध्या चपलांनी चिखलाचे शिंतोडे पाठीपर्यंत उडतात, ओल्या फरशीवर त्या घसरतात आणि इमॅजिकाच्या नायट्रो रोलरकोस्टरसारख्या राइडला, जिथे पायाखाली तळच नसतो, त्या काढून ठेवाव्या लागतात. कापडी बूट आणि मोजे म्हणजे दिवसभर पाय पाण्यात.

छत्री एकच न्या, आजी-आजोबांसाठी. बाकीच्यांना डोक्यावर टोपी असलेला विंडचीटर. रस्त्यावर मिळणारे पातळ प्लास्टिकचे पोंचो रांगेत ठीक असतात, पण राइडवर चढताना काढावेच लागतात. वाऱ्याने फडफडून ते पट्ट्यात किंवा चाकात अडकू शकतात. काढलेला ओला पोंचो ठेवायला एक रिकामी पिशवी लागते, हे पहिल्या राइडच्या दारात आठवतं.

पिशवीत दर माणशी एक सुती पंचा. जाड टॉवेल न्यायचा मोह होतो, पण तो एकदा ओला झाला की संपला. पंचा पिळून झटकला की पुन्हा कामाला येतो. मुलांसाठी कोरडे टी-शर्ट दोन-दोन, चड्ड्या दोन-दोन, मोठ्यांसाठी एक-एक. प्रत्येकाचा जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर नाव लिहून. सगळे कपडे एकाच पिशवीत असले तर एकाचा टी-शर्ट शोधताना चौघांचे भिजतात. शंभर-शंभरच्या चार-पाच नोटाही अशाच पिशवीत असू द्या, पावसात रेंज गेली की यूपीआयही जातं.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या मुलांचं सोडून. पण गाडीत डबा ठेवायला कोणी अडवत नाही. थेपले, पोळीचे लाडू आणि श्रावणातल्या उपासवाल्यांसाठी राजगिऱ्याच्या वड्या. गाडी लावल्यावर पोटभर खाऊनच आत जा.

कधी निघायचं, कुठून जायचं

इमॅजिकासाठी एक्स्प्रेसवेवरून खालापूरला उतरून पाली रस्त्याला लागायचं. बोरघाट चढावा लागत नाही, ही पावसाळ्यात मोठी सोय. पण खालापूरपर्यंतचा रस्ता लोणावळ्याच्या गर्दीबरोबर वाटून घ्यावा लागतो, म्हणून शनिवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ या दोन्ही वेळा वाईट. मधल्या वारीसुद्धा घरून साडेसहाच्या आत निघा.

रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं की वेग ताशी ६० पर्यंत आणा. टायर पाण्यावर तरंगला की स्टिअरिंगही ऐकत नाही आणि ब्रेकही. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर चालू ठेवू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा. आत काचेवर वाफ धरली की एसी चालू करून हवेचा झोत काचेवर सोडा. फडक्याने पुसत बसलात तर दर दोन मिनिटांनी पुसावं लागेल.

ट्रेनने जाणाऱ्यांनी खोपोली लोकलचं वेळापत्रक सोबत ठेवावं. कर्जत-खोपोली मार्ग एकेरी आहे, एक गाडी चुकली की पुढचीची बराच वेळ वाट बघावी लागते. त्यात कुर्ला-शीवला रुळांवर पाणी आलं तर परतीचं काही खरं नाही. लहान मुलं असतील तर पावसात गाडीच बरी. गोराईला जाताना बोरिवलीच्या किंवा मार्वेच्या बोटीवर विसंबत असाल, तर खाडी खवळली की बोट थांबते आणि भाईंदर-उत्तनचा वळसा पडतो, एवढं लक्षात असू द्या.

आत गेल्यावर

सगळ्या योजनेचं मर्म इथे आहे. फाटकातून आत शिरल्यावर आकाश कोरडं असेल तर नुसतं उघड्यावरचं घ्या: नायट्रो, गोल्ड रश एक्स्प्रेस, डेअर टू ड्रॉप, स्क्रीम मशीन. सकाळी गर्दी कमी आणि पाऊस कधी येईल याचा नेम नाही. डीप स्पेस, सलीमगढ, रॅथ ऑफ द गॉड्स, आय फॉर इंडिया हे छताखालचं आहे, ते कुठे पळून जात नाही. बहुतेक कुटुंबं उलटं करतात. फाटकाजवळची छताखालची राइड आधी धरतात आणि दुपारी पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावरच्या बंद दाराशी जाऊन उभी राहतात.

सर आली की छताखाली. पण आता एक अडचण. आतले हॉल थंडगार असतात आणि भिजलेलं पोर त्या एसीत वीस मिनिटं बसलं की ओठ निळे पडतात. म्हणून आत जाण्यापूर्वी टी-शर्ट बदला, केस पंचाने पुसा. सकाळच्या दोन कोरड्या जोडांपैकी पहिला इथे खर्ची पडतो. 'आधीच भिजलोय तर राजासॉरसची बोटही करून घेऊ' असं कोणीतरी म्हणेलच. त्यात तथ्य आहे, पण मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर पाण्याची राइड सगळ्यात शेवटी ठेवा. त्यानंतर थेट दुसरा कोरडा जोड आणि गाडी.

पाऊस पडताना एक राइड चालू आणि शेजारची बंद, असं दिसतं. कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका, कारण यंत्रात आहे. घासून थांबवणाऱ्या ब्रेकची पकड ओल्यात कमी होते, चुंबकी ब्रेकला पाण्याने फरक पडत नाही. शिवाय ताशी १०० किमीच्या आसपास जाताना थेंब टाचण्यांसारखे टोचतात. रिमझिम असताना राइड चालू असलीच तर चष्मा काढा आणि डोकं आसनाला टेकवून ठेवा.

गडगडाट झाला की सगळं थांबतं, पोहण्याचे तलावसुद्धा. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून निदान अर्धा तास थांबायचं, हा जगभरचा नियम आहे. एकट्या झाडाखाली किंवा लोखंडी खांबांना टेकून उभं राहू नका, इमारतीत जा. हा अर्धा तास जेवणात घालवा. सगळे एकदम फूडकोर्टकडे धावतात, त्यामुळे ढग दाटलेले दिसले की आधीच टेबल धरलेलं बरं.

आता नजर रोलरकोस्टरच्या रुळावर ठेवा. पाऊस थांबल्यावर गाडी लगेच माणसं घेत नाही, आधी रिकाम्या गाडीच्या फेऱ्या होतात. रिकामी गाडी वर चढताना दिसली की उठा आणि रांगेत जा. घोषणा होईपर्यंत थांबलेल्यांच्या तुम्ही पुढे असता. दिवसभरातला सगळ्यात मोठा वेळ इथे वाचतो. बसण्याआधी पंचाने आसन पुसा, खोलगट भागात पाणी साचलेलं असतं.

आजी-आजोबांसाठी छताखालची एक जागा सकाळीच ठरवा. सगळ्यांच्या पिशव्या तिथे, चुकामूक झाली तर भेटायचं तिथेच. गुळगुळीत फरशीचे उतार ओले असताना त्यांना कठड्याच्या बाजूने चालवा.

परत येताना

मुंबईत पाणी तुंबतं ते जोरदार पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर, कारण समुद्राला उघडणारी नाल्यांची तोंडं भरतीत पाण्याखाली जातात. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दिवसाची मोठी भरती दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान येते, संध्याकाळी सहा-सातला ओहोटी असते. म्हणजे त्या दिवशी घाईने दुपारीच निघून शहरात शिरण्यापेक्षा संध्याकाळी निघालेलं चांगलं. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेवरून जायचं असेल तर निघण्याआधी घरच्यांना फोन करून विचारा.

गाडीच्या सीटवर मेणकापड किंवा जुनी चादर घाला. ओले कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, पण घरी पोचल्यावर त्याच रात्री बाहेर काढा. ओले कपडे तसेच राहिले तर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते सहज धुऊन जात नाहीत. सँडलमध्ये चुरगळलेलं वर्तमानपत्र भरून पंख्याखाली ठेवा. मोबाइलच्या खाचेत पाणी गेलं असेल तर गाडीत चार्जिंगला लावू नका. खाच खाली करून हलके झटका आणि हवेवर राहू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फक्त पीठ आत जातं.

परतीत गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं असेल आणि पायाला साधं खरचटलेलं असेल, तर साबणाने पाय धुऊन ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोसाठी, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही आणि किती, हे तेच ठरवतील. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती स्वतःहून देऊ नका. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं दिसलं तर डॉक्टरांकडे गेल्यावर आधी हे सांगा: साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, आणि कोणत्या तारखेला.