गोंडोल्यावर चढण्याआधी या चुका टाळा

"ट्रेनिंग झालंय का?" विचारलं की मुकादम रजिस्टर पुढे करतो. चाळीस सह्या, एकाच पेनाने. ट्रेनिंग म्हणजे खाली शेडमध्ये अर्धा तास व्हिडिओ आणि चहा. गच्चीवर कुणालाच नेलेलं नसतं, आणि गोंडोला, म्हणजे इमारतीबाहेर दोरांवर लटकणारा कामाचा पाळणा, ज्याच्या जिवावर लटकतो ते सगळं गच्चीवरच असतं.

गोंडोला गच्चीबाहेर काढलेल्या बीमच्या टोकाला लटकतो, आणि बीम उलटू नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूला वजन ठेवतात, तेच काउंटरवेट. माझा सगळ्यात जास्त राग काउंटरवेट म्हणून रचलेल्या वाळूच्या गोण्यांवर. ठाण्यात एका टॉवरच्या रंगकामाला संध्याकाळी बीममागे 20 किलोच्या सोळा गोण्या मोजून ठेवल्या होत्या. सकाळी अकराच! वॉटरप्रूफिंगच्या गवंड्याला वाळू कमी पडली होती. "पडूनच होती ना साहेब," म्हणाला. खाली दोन पोरं बेल्ट चढवत होती.

हिशोब बघा. बीमच्या टोकाला गोंडोल्याचं ओझं 400 किलो, टोक बीमखालच्या टेकूच्या 0.6 मीटर पुढे, म्हणजे उलटवणारा जोर 240. अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेचा, नियम याच्या चौपट तोल मागतो: 960. वजन टेकूमागे 3 मीटरवर असेल तर 320 किलो हवं. पाच गोण्या गेल्या आणि चौपटीची पावणेतीनपट झाली. लगेच उलटलं नसतं, खरंय. पण वर येताना गोंडोला छज्ज्याखाली अडकला की मोटर ओढतच राहते, आणि तो जोर या 400 मध्ये धरलेला नसतो. ओशाला वाळू चालतच नाही. मी ओतीव वजनंच वापरतो, बीमला बोल्टने पक्की करून. त्यांवर पिवळ्या रंगाने नंबर टाकतो, रोज सकाळी स्वतः मोजतो आणि गच्चीची किल्ली खिशात ठेवतो. लोक हसतात, हसू देत.

दुसरी चूक, लाइफलाइन (बेल्ट अडकवायचा सुरक्षा दोर) त्याच बीमला बांधणं. मग बीम गेला की दोरही गेला. ती वेगळ्या कॉलमला हवी, आणि माणशी एक. दोघांत एक दोर म्हणजे काटकसर नव्हे. दोर कापू नये म्हणून पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, धारेवर मी फायर होजचा जुना तुकडा घालतो.

वायर रोप, म्हणजे तारेचा दोर, वळवून आवळणाऱ्या क्लिपचा यू-बोल्ट मोकळ्या टोकावर, बैठक ओझं घेणाऱ्या दोरावर. पहिलं वजन पडल्यावर नट पुन्हा आवळा.

खिडकीतून गोंडोल्यात उडी मारू नका. वारा सुटला की काम बंद.

बेल्टवर लटकलेल्याला खाली कोण आणणार, हे चढण्याआधी ठरवा. पायांत रक्त साचून माणूस मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. "फायर ब्रिगेडला फोन करू" ही तयारी नव्हे.

दुसऱ्याच दिवशी "येतंय सगळं" म्हणणाऱ्या पोराला मी आठवडाभर गोंडोल्यात पाय ठेवू देत नाही. गच्चीवर माझ्यासोबत क्लिपा आवळायच्या. निम्मी पोरं तिसऱ्या दिवशी दुसरी साइट शोधतात.