सिव्हिलायझेशन ६: सिटी-स्टेटकडे दूत कधी आणि किती पाठवायचे

सिव्हिलायझेशन ६ या संगणक-खेळात दिसेल त्या सिटी-स्टेटला (एका शहराच्या स्वतंत्र राज्याला) एकेक दूत देत सुटणं ही नव्या खेळाडूची सगळ्यात महागडी चूक. फायदे मिळतात ते १, ३ आणि ६ या आकड्यांवरच. पहिल्या दूताचा लाभ फक्त राजधानीला होतो: वैज्ञानिक सिटी-स्टेटकडून २ विज्ञान, व्यापारीकडून ४ सोनं. वैज्ञानिक सिटी-स्टेटच्या तिसऱ्या दूतानंतर तुमच्या प्रत्येक लायब्ररीला २ विज्ञान मिळतं, सहाव्यानंतर प्रत्येक युनिव्हर्सिटीलाही. (हे आकडे गॅदरिंग स्टॉर्म हा खेळाचा विस्तार धरून.) आठ शहरांत लायब्ररी असतील, तर तो तिसरा दूत एकटा १६ विज्ञान आणतो. लायब्ररीच नसतील, तर काहीच नाही. म्हणून आधी आपल्या शहरांत कोणत्या इमारती आहेत ते पाहा, मग त्याच प्रकारची सिटी-स्टेट निवडा.

दूत येतात कुठून? सगळ्यांच्या आधी भेट झाली की एक फुकट, म्हणून स्काउट (टेहळणी करणारी तुकडी) लवकर बाहेर काढा. मिस्टिसिझम सिव्हिक (संस्कृतीच्या गुणांतून मिळणारा शोध) पूर्ण केल्यावर आणखी एक. बाकीचे सरकारच्या प्रभाव-गुणांतून. पहिल्या टप्प्याच्या सरकारात टर्नला ३ गुण मिळतात आणि १०० गुणांना १ दूत, म्हणजे तब्बल ३४ टर्न. करिश्मॅटिक लीडर हे सरकारी धोरणाचं कार्ड लावलं की गुण ५ होतात आणि तोच दूत २० टर्नमध्ये येतो. दुसऱ्या टप्प्यात टर्नला ५ गुण आणि १५० गुणांना २ दूत; तिसऱ्यात ७ गुण आणि २०० ला ३.

डिप्लोमॅटिक लीग कार्ड असताना, जिथे तुमचा एकही दूत नाही तिथला पहिला दूत दोन म्हणून मोजला जातो. त्यामुळे हे कार्ड कायम लावून ठेवू नका. दोन-तीन दूत साठवा, कार्ड लावा, नव्या सिटी-स्टेटकडे पाठवा, मग कार्ड काढून घ्या. दिलेले दूत कमी होत नाहीत.

सिटी-स्टेट सांगते ते काम पूर्ण केलं तरी १ दूत मिळतो. इथे एक खाच आहे. एखाद्या तंत्रज्ञानाचं युरेका (ठरावीक अट पुरी करून संशोधनाला मिळणारी चालना) मागितलं असेल आणि ते न मिळवता तुम्ही संशोधन पुरं केलंत, तर काम हातचं गेलं. म्हणून नवं युग लागलं की आधी सगळी कामं वाचा, आणि जे युरेका मागितलंय त्याचं संशोधन थोडं बाजूला ठेवा. व्यापारी मार्ग मागितला असेल तर मोकळा झालेला पहिला ट्रेडर तिकडेच पाठवा.

सुझरेन (सिटी-स्टेटचा अधिपती) व्हायला किमान ३ दूत हवेत आणि इतर सगळ्यांपेक्षा जास्त. बरोबरी झाली तर सुझरेन कोणीच नाही. सुझरेनपद मिळालं की सिटी-स्टेटचा खास लाभ, तिची संसाधनं आणि टर्नला १ डिप्लोमॅटिक फेव्हर (राजनैतिक व्यवहारात वापरायचा गुण) मिळतो. झांझिबार असेल तर दालचिनी आणि लवंग, प्रत्येकी ६ ॲमेनिटी (नागरिकांना खूश ठेवणाऱ्या सोयी). जिनिव्हा असेल तर युद्ध नसताना १५ टक्के जास्त विज्ञान, पण तुम्ही सतत लढणार असाल तर जिनिव्हाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

अमानी ही गव्हर्नर (तुम्ही नेमलेली अधिकारी) सिटी-स्टेटमध्ये स्थिरावायला ५ टर्न घेते, मग २ दूतांएवढी मोजली जाते. ती तिथे आहे तोवरच. तिला हलवताना आधी गणित करा, नाहीतर सुझरेनपद त्याच टर्नला दुसऱ्याकडे जातं.

खरी कसोटी युद्धात लागते. सिटी-स्टेट आपल्या सुझरेनच्या मागे युद्धात उतरते, म्हणजे तुमच्या सीमेलगतची सिटी-स्टेट शत्रूच्या हातात असेल तर युद्ध पुकारताच तीही तुमच्यावर येते. आणि एकदा ती युद्धात उतरली की तिच्याकडे दूत पाठवता येत नाहीत. तेव्हा आधीपासून दूत साठवा. सिटी-स्टेटच्या पानावर प्रत्येकाचे दूत दिसतात: शत्रूचे ५ आणि तुमचे ३ असतील तर ३ हातात हवेत. युद्ध पुकारण्याआधी ते एकदम पाठवा, सुझरेन व्हा, आणि सोनं देऊन तिचं सैन्य ३० टर्नसाठी भाड्याने घ्या. त्यातल्या जुन्या तुकड्या अपग्रेड करायला वेगळं सोनं राखून ठेवा.